आरोग्यचिंतन : मलपरीक्षा आणि घरांतील मौन

आमच्या सदराचे जुने वाचक जाणतात कीं, अन्न, पाणी, निद्रा, व्यायाम या विषयांवर आम्हीं या पानांतून वारंवार लिहिलें आहे. अन्न मुखांत कसें जावें याविषयीं लिहिणारे पुष्कळ. परंतु तें शरीरांतून बाहेर कसें पडतें याविषयीं लिहावयाचें म्हटलें कीं लेखणी अडखळते, आणि वाचकहि पान उलटतो. आज आम्हीं तोच विषय घेतला आहे. भोजनाच्या वेळीं हें पान वाचूं नये, एवढी सूचना आरंभींच देऊन ठेवतों. पण वाचावें मात्र अवश्य. कारण या विषयासंबंधींचें मौन सुशिक्षित घरांतून अनेकांच्या जिवावर बेततें.

आपली बोलीच पाहा. कोणी 'परसाकडे' जातो, कोणी 'बहिर्दिशेस' जातो, कोणी नुसताच 'जाऊन येतो'. 'शौच' या शब्दाचा मूळ अर्थ तर शुद्धि! म्हणजे जें घडतें त्याचें नांव न घेतां, त्यानंतर जें करावयाचें त्याचें नांव घेऊन आपण मोकळे होतों. शिष्टाचार म्हणून हें ठीकच आहे. परंतु आपले प्राचीन वैद्य इतके संकोची नव्हते. पुरीष, विट्, शकृत् या शब्दांबरोबरच 'वर्चस्' हा शब्दहि ते मलासाठीं योजीत. आणि वर्चस् म्हणजे तेज, हें संस्कृत शिकलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत अर्श, ग्रहणी आणि अतिसार यांस स्वतंत्र अध्याय आहेत. मल पाण्यांत बुडतो कीं तरंगतो यावरून अन्न कच्चें राहिलें कीं पचलें हें ओळखण्याची परीक्षाहि त्या वैद्यांनीं सांगितली. आणि मल अति पातळ, अति घट्ट वा कफमिश्रित असेल तर ही परीक्षा लागू पडत नाहीं, असा अपवादहि सोबत नोंदविला. पुढें १९७२ सालीं अमेरिकेंतील दोन वैद्यांनीं हाच प्रश्न प्रयोगास लावला, तेव्हां बहुधा मल तरंगतो तो त्यांत अडकलेल्या वायूमुळें, असें दिसून आलें. उत्तर निराळें आलें, हें आम्हांस महत्त्वाचें वाटत नाहीं. दोन्हीकडच्या विद्वानांस पाहण्याची लाज वाटली नाहीं, हें महत्त्वाचें वाटतें.

आमच्या घरांतूनहि ही लाज सर्वकाळ असते असें नाहीं. तान्हें मूल घरांत असलें म्हणजे त्याच्या शीची चर्चा आजीपासून आत्येपर्यंत सर्वजणी मोकळेपणानें करितात. हिरवी झाली, फेस आला, दोन दिवस झाली नाहीं, आज आंबूस वास आहे, असें बारीक लक्ष असतें, आणि तें योग्यच आहे. जन्मल्यावर पहिला एक-दोन दिवस मूल काळपट हिरवें, चिकट असें टाकतें. आईचें दूध अंगीं लागलें कीं रंग मोहरीच्या पिवळ्यासारखा होतो. केवळ आईच्या दुधावरचें मूल दिवसांतून अनेकदां शी करील, किंवा महिन्याचें झाल्यावर चार-सहा दिवस करणारहि नाहीं. मूल खेळतें आहे, वजन वाढतें आहे, शी मऊ आहे, तोंवर दोहोंचीहि काळजी नको.

मात्र एक रंग असा आहे कीं, तो दिसतांच दिरंगाई करूं नये. तो म्हणजे पांढुरका, खडूसारखा किंवा शाडूसारखा रंग. बाळाची कावीळ दोन आठवडे होऊनहि ओसरत नाहीं आणि शी फिकट होत चालली, तर यकृतांतून पित्त वाहून नेणारे मार्ग जन्मतः बंद असण्याचा संभव असतो. जपानचे शल्यवैद्य मोरिओ कासाई यांनीं १९५० नंतरच्या दशकांत या विकारावर शस्त्रक्रिया बसविली. ती जन्मापासून सुमारें ६० दिवसांच्या आंत झाली तर यशाची आशा अधिक; उशीर होईल तसें यकृत खराब होत जातें. म्हणून तैवानांत २००४ पासून नवजात बालकांच्या मातांस मलाच्या रंगांचें चित्रपत्रक सर्व देशभर देऊं लागले, आणि जपाननें २०१२ सालीं तें माता-बालकांच्या आरोग्यपुस्तिकेंतच घातलें. आमच्या आजींची जी सहज नजर, तिलाच त्या देशांनीं कागदावर उतरविलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु मूल पांच-सहा वर्षांचें झालें, स्वतः जाऊन येऊं लागलें, कीं ही नजर मिटते ती कायमची. त्यानंतर साठ वर्षें त्या मनुष्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं, तोहि कोणास सांगत नाहीं, आणि पुष्कळदां स्वतः पाहतहि नाहीं. आतां तर टांकीची कळ दाबली कीं क्षणांत सर्व अदृश्य होतें. ज्या वयांत पाहण्याची गरज पुन्हां उत्पन्न होते, त्याच वयांत घरांतील पाहणें बंद झालेलें असतें. आजच्या लेखाचें सार एवढेंच आहे कीं, जी नजर आपण नातवावर ठेवतों ती स्वतःवर आणि घरांतील वडील माणसांवरहि ठेवावी.

पाहावयाचें म्हणजे काय पाहावयाचें? प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, रोज सकाळीं एकदां झालेंच पाहिजे असा सृष्टीचा नियम नाहीं. दिवसांतून तीन वेळांपासून आठवड्यांतून तीन वेळांपर्यंत, मल मऊ असून त्रास होत नसेल, तर सर्व निरोगीपणांतच मोडतें. प्रत्येकाची एक रीति ठरलेली असते. महत्त्व तिला नसून तिच्यांतील बदलास आहे. घटनेविषयीं म्हणाल तर, इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील लुइस आणि हीटन या वैद्यांनीं १९९७ सालीं मलाचे सात प्रकार पाडून एक कोष्टक प्रसिद्ध केलें. पहिले दोन प्रकार लेंड्यांसारखे कठीण, हे मलावरोधाचे; तिसरा-चौथा सुघड व मऊ, हे उत्तम; पुढचे तीन उत्तरोत्तर पातळ, आणि सातवा केवळ पाणी. डॉक्टरांपुढें गेल्यावर लाजून 'पोट ठीक नाहीं' असें मोघम सांगण्यापेक्षां या कोष्टकाच्या रीतीनें सांगितलें तर दोघांचाहि वेळ वांचतो.

रंगाची गोष्ट अशी. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. त्या मोडल्या कीं त्यांतील तांबड्या द्रव्यापासून पिवळें द्रव्य होतें. यकृत तें पित्तांत सोडतें, आणि आंतड्यांतील सूक्ष्म जंतु त्याचें तपकिरी द्रव्य बनवितात. म्हणून निरोगी मलाचा रंग तपकिरी. पालेभाजीनें तो हिरवट होईल, बीटानें लालसर होईल. ती भाजी बंद केली कीं दोन-तीन दिवसांत पूर्ववत् होईल. परंतु मोठ्या माणसाचा मल मातीसारखा फिका आणि लघवी गडद पिवळी होऊं लागली, तर पित्ताचा मार्ग कोठें तरी अडला आहे असें समजावें. मल तेलकट, फार दुर्गंधी, भांड्यास चिकटून राहणारा असा आठवडेच्या आठवडे होत असेल व वजन घटत असेल, तर स्निग्ध पदार्थ पचत नाहींत. त्याचीहि तपासणी व्हावी.

आतां काळा रंग. हा सर्वांत फसवा, कारण काळें पाहून कोणास रक्ताची आठवण होत नाहीं. जठरांत किंवा त्याच्या लगतच्या आंतड्यांत जखम होऊन रक्त वाहूं लागलें, तर तें खालीं येईपर्यंत पचून काळें होतें. मल डांबरासारखा काळा, चकचकीत, चिकट आणि विलक्षण दुर्गंधी येतो. लोहाच्या गोळ्यांनींहि मल काळा होतो, परंतु तो असा चिकट नसतो व त्यास तो वास नसतो. शंका राहिली तर डॉक्टरांस विचारावें, आपणच निर्णय करूं नये.

आमच्या शेजारच्या एका घरीं सासूबाई गुडघ्यांसाठीं दुकानांतून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेत होत्या. पुढें त्यांस जिना चढतांना धाप लागूं लागली, चेहरा फिका पडला. मंडळी म्हणाली, वय झालें. सूनबाईंनीं मात्र एके दिवशीं माजघरांत जवळ बसून हळूच विचारलें, "आई, तुम्हांला परसाकडे काळें होतं का हो?" सासूबाई चकित होऊन म्हणाल्या, "अगं, दोन महिने होतंय. तुला कसं कळलं?" त्याच दिवशीं त्यांस नेलें. रक्तांतील तांबडें द्रव्य निम्म्यावर आलें होतें. दुर्बिणीनें पाहतां जठरांत व्रण निघाला. गोळ्या बंद झाल्या, औषध झालें, आणि आज त्या पूर्वींसारख्या तुळशीला पाणी घालितात. त्या सुनेनें कोणतेंहि शास्त्र वाचलें नव्हतें. तिनें केवळ विचारलें. वाचकहो, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आदि वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तरास इजा करितात; त्या डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून दीर्घकाळ घेऊं नयेत. हृदयासाठीं डॉक्टरांनीं दिलेली ॲस्पिरिनची गोळी मात्र हें वाचून आपल्या मतानें सोडूं नये. विचारून मगच काय तें करावें. जठराच्या व्रणाचें दुसरें मोठें कारण एक जंतु होय. ऑस्ट्रेलियाचे मार्शल व वॉरन यांनीं तो १९८२ सालीं ओळखला, त्यासाठीं त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तो कांहीं दिवसांच्या औषधानें नाहींसा करितां येतो.

तांबडें रक्त दिसलें तर मनुष्य भितो खरा, पण लगेच स्वतःचें समाधानहि करून घेतो : "मूळव्याध असेल." सुश्रुतानें ज्या आठ रोगांस महागद म्हटलें त्यांत अर्श आहे, इतका हा रोग जुना व परिचित, आणि बहुतेक वेळां तें निदान खरेंहि निघतें. मूळव्याधीचें रक्त बहुधा न दुखतां शौचानंतर ठिबकतें. गुदद्वाराशीं चीर पडली असेल तर सुरी फिरल्यासारखें दुखून थोडें रक्त येतें. आंव पडून, कळा येऊन रक्त मिसळलेलें असेल तर जंतूंची हगवण असूं शकते. परंतु मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागांतील कर्करोगाचें रक्तहि अगदीं असेंच दिसतें. डोळ्यांनीं पाहून हा भेद कोणासहि करितां येत नाहीं, आणि एकाच मनुष्यास मूळव्याध व कर्करोग दोन्ही असूं शकतात.

आमचे एक स्नेही, आमच्याच वयाचे, उत्तम गणिती. त्यांस दीड वर्ष रक्त पडत होतें. सुरण, ताक, वर्तमानपत्रांतील जाहिरातींचीं औषधें, सर्व झालें; घरांत मात्र अक्षर काढलें नाहीं. शेवटीं धोतरावरील डागावरून घरीं कळलें. डॉक्टरांनीं तपासलें तेव्हां नुसत्या बोटानेंच गांठ हातास लागली. दीड वर्षापूर्वीं तीच गांठ कदाचित् तशीच लागली असती; पण तेव्हां तपासावयास ते गेलेच नाहींत. आतां रोग यकृतापर्यंत पोहोंचला होता. आठ महिन्यांनीं ते गेले. ज्यानें आयुष्यभर विद्यार्थ्यांस "उत्तर लिहिण्यापूर्वीं पडताळा पाहा" असें शिकविलें, त्यानें स्वतःचा पडताळा केवळ लाजेपायीं पाहिला नाहीं, याचें आम्हांस अद्यापि दुःख होतें. हा रोग आरंभीं सांपडला तर शस्त्रक्रियेनें बहुतेकांचा बरा होतो. म्हणूनच हें लिहिण्याचा खटाटोप.

त्यांच्या मुलांपासूनहि रोगाचें नांव लपविण्याचा विचार घरांत चालला होता. आम्हीं तो होऊं दिला नाहीं. आई-बाप किंवा सख्खें भावंड यांस हा रोग झाला असेल तर इतरांस धोका कांहींसा अधिक असतो; अशांनीं चाळीशीच्या सुमारास, किंवा आप्तास ज्या वयीं रोग झाला त्याच्या दहा वर्षें आधीं, दुर्बिणीनें आंतडें तपासून घ्यावें असा वैद्यकाचा सल्ला आहे. वडिलांनीं मुलांस घर-जमीन देतांना जसे कागद दाखवावे, तसाच हा कागदहि दाखविला पाहिजे.

म्हणून पुढील गोष्टी घरांतील प्रत्येकानें मनांत ठेवाव्या. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढें प्रथमच रक्त दिसणें. नेहमींची रीति बदलून तीन आठवडे होऊनहि पूर्ववत् न होणें. जाऊन आल्यावरहि अजून राहिलें आहे असें सतत वाटणें. रात्रीं झोपेंतून उठून पातळ शौचास जावें लागणें. कारणावांचून वजन किंवा रक्त कमी होणें. यांपैकीं एकहि असेल तर त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें. वय लहान असलें तरीहि वारंवार पडणारें रक्त दाखवावेंच. डांबरासारखा काळा मल, किंवा पुष्कळ रक्त पडून भोंवळ येणें, यासाठीं दिवसाचीहि वाट पाहूं नये. डॉक्टर बोटानें तपासूं म्हणाले तर नको म्हणूं नये; तें एका मिनिटाचें काम आहे.

राहिला मलावरोध. म्हातारपणीं त्याचीं कारणें बहुधा घरांतच सांपडतात. रात्रीं उठावें लागूं नये म्हणून पाणी कमी पिणें. दांत नाहींत म्हणून भाजी-भाकरी सोडून चहा-बिस्किटांवर राहणें. लोहाच्या, कॅल्शियमच्या व कांहीं वेदनाशामक गोळ्या. आणि बसून राहणें. इसबगोल चांगलें, पण भरपूर पाण्याबरोबरच. कमी पाण्यांत तें आंत घट्ट होऊन उलट अडथळा करील. एक फसवणूक विशेष सांगण्यासारखी आहे. अंथरुणास खिळलेल्या वृद्धास कित्येक दिवस शौचास न होतां मग एकाएकीं पातळ गळूं लागतें. मंडळी जुलाब समजून बंद होण्याचें औषध देतात. वास्तविक आंत कठीण मलाचा गोळा अडकलेला असतो, आणि त्याच्या कडेनें पातळ तेवढें वाट काढीत असतें. अशा वेळीं बंद करणारें औषध म्हणजे दार लागलेलें असतां बाहेरून आणखी कडी घालणें होय.

चरकाच्या सूत्रस्थानांतील सातवा अध्याय अंगांत आलेले वेग अडवूं नयेत यासाठींच आहे. तेरा वेगांत मलाचा वेग आहेच. वारंवार अडविल्यानें आंतड्यांची ती जाणीवच मंदावते, असें आजचें वैद्यकहि सांगतें. आतां हा अध्याय घरास लावून पाहूं. घरांत शौचकूप एक, माणसें नऊ. आधीं कार्यालयास जाणारे, मग शाळेस जाणारे, मग आजोबा वर्तमानपत्रासह. आणि चहा, डबे, पूजेची तयारी उरकून सर्वांच्या शेवटीं सूनबाई. तोंवर वेग येऊन गेलेला असतो. शाळेंतील शौचकूप अस्वच्छ म्हणून मुली दिवसभर अडवून धरतात ती गोष्ट आम्हीं अध्यापनाच्या काळांत पाहिली आहे. सुनेच्या मलावरोधावर त्रिफळेची बाटली आणण्यापूर्वीं तिला सकाळचीं पंधरा मिनिटें द्यावीं, हें औषध अधिक स्वस्त व अधिक गुणकारी आहे. आणि आजोबांनीं वर्तमानपत्र बाहेर वाचावें.

विचारण्याचीहि एक रीति असते. पंगतींत, पाहुण्यांदेखत, मोठ्यानें विचारलें तर वडील माणसें 'ठीक आहे' एवढेंच म्हणणार. आईस लेकीनें वा सुनेनें, वडिलांस मुलानें वा नातवानें, एकांतीं, औषधाची गोळी देतांना सहज विचारावें. आणि उत्तर ऐकून नाक मुरडूं नये. वडिलांनींहि समजावें कीं, हें सांगणें म्हणजे मर्यादाभंग नव्हे. ज्या मुलांची शी आपण हातानें धुतली, त्यांनीं आपली चौकशी केली तर त्यांत लाजण्यासारखें काय आहे?

येत्या महिन्यांत निदान एकदां तरी घरांतील एका वडील माणसास हा प्रश्न विचारावा, एवढीच वाचकांस विनंति. पुढील अंकीं पाण्याविषयीं, विशेषतः पावसाळ्यांतील पिण्याच्या पाण्याविषयीं, लिहूं.